कॅमेऱ्याच्या प्रदर्शनात कापडवाल्याची नजर

प्रदर्शनाच्या बाबतीत आपल्या व्यापारी बांधवांत दोन प्रकारचे लोक दिसतात. पहिले म्हणतात, प्रदर्शन म्हणजे पाय दुखवून घेण्याचा कार्यक्रम, माल शेवटी बाजारातच मिळतो. दुसरे स्टॉलवरचा झगमगाट पाहिला की तिथल्या तिथे बयाणा देऊन मोकळे होतात. आमचे मत या दोघांपेक्षा निराळे आहे. प्रदर्शनाला जरूर जावे, पण गिऱ्हाईक म्हणून जावे, वऱ्हाडी म्हणून जाऊ नये. कॅमेऱ्याच्या प्रदर्शनात जे पाहिले त्यावरून आम्ही हे लिहीत आहोत.

कापडाच्या व्यापाऱ्याला कॅमेऱ्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. नगरच्या कापड बाजारात बसणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. बस्ता आणि शूटिंग हे एकाच लग्नाचे दोन खर्च आहेत, आणि बस्ता बांधायला आलेली मंडळी आमच्याच गादीवर बसून शूटिंगवाल्याला फोन लावतात. शिवाय स्टुडिओवाले आमचे गिऱ्हाईकही आहेत. मागे लावायचा काळा पडदा, मिक्सिंगसाठी लागणारे क्रोमाचे हिरवे कापड, अल्बमच्या पेटीला आतून लावायचे वेल्वेट आणि सॅटिन, हा माल आमच्याकडून जातो. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण धंद्याची रीत तीच आहे. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, श्रीरामपूर, संगमनेर, कुठेही जा, फोटो, शूटिंग, मिक्सिंग, अल्बम बांधणी या कामांत आपली मुले दिसतात. शाळा अर्धवट सुटलेला मुलगा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली दोन सीझन लाईट धरतो आणि तिसऱ्या सीझनला स्वतःचा कॅमेरा घ्यायचे म्हणतो. बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या आणि कार्ड धरले तर हा खर्च आज अडीच-तीन लाखांवर सहज जातो. यात कोणाच्या आईच्या बांगड्या असतात, कोणाच्या वडिलांची भिशी असते. एवढ्या रकमेत एखाद्या छोट्या कापड दुकानाचा पहिला माल भरता येतो. हा पैसा कशावर भरवसा ठेवून खर्च होतो, याचा विचार व्यापाराच्या पानावर व्हायलाच हवा.

मुंबईत गोरेगाव पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत, बॉम्बे एक्झिबिशन सेंटर आहे. लोक त्याला नेस्को म्हणतात. तिथे फोटोग्राफीच्या धंद्याची मोठी प्रदर्शने भरलेली आहेत. ऑल इंडिया फोटोग्राफिक ट्रेड अँड इंडस्ट्री असोसिएशन ही या धंद्यातल्या व्यापाऱ्यांची संस्था ती भरवीत आली आहे. नगरहून रात्रीच्या गाडीने निघाले की सकाळी पोहोचता येते. ओळखीच्या स्टुडिओवाल्यांबरोबर आमचे दोन-तीनदा जाणे झाले. आत शिरले की समोरच्या रांगेत कॅमेरा कंपन्यांचे मोठमोठे स्टॉल लागतात, आणि त्यांच्या मागे अल्बम, फ्रेम, प्रिंटर, लाईट, स्टँड आणि बॅगवाल्यांचे छोटे छोटे स्टॉल. आपली बहुतेक मंडळी पहिल्याच रांगेत अख्खा दिवस घालवतात, म्हणून आम्हीही त्याच रांगेविषयी बोलणार आहोत.

ज्या ज्या स्टॉलविषयी आम्ही खाली लिहिले आहे, त्यांची नावे देणार नाही. बाजारात बसणाऱ्याने शेजारच्या दुकानाचे नाव घेऊन चार लोकांत टीका करू नये, हे आम्ही थोरांकडून शिकलो. शिवाय त्याच कंपनीचा पुढच्या वर्षीचा स्टॉल वेगळाही असू शकतो. जिथे नाव घेऊ तिथे सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्टच सांगू.

पहिली गोष्ट उजेडाची. कापडाचे गिऱ्हाईक किती हुशार असते ते आम्ही रोज बघतो. पाथर्डीच्या खेड्यातली बाई शालू पसंत करते, पण पैसे देण्याआधी म्हणते, भाऊ, जरा दारात नेऊन बघू द्या. दुकानातल्या दिव्याखाली जो मोरपंखी दिसतो तो दारात निळा निघू शकतो, हे तिला कोणी शिकवलेले नाही. आता याच घरातला मुलगा प्रदर्शनात जातो आणि तीन लाखांचा कॅमेरा कंपनीने लावलेल्या दिव्याखाली, कंपनीने उभ्या केलेल्या मॉडेलवर, कंपनीच्याच लेन्सने बघून पसंत करतो. त्याला दारात नेऊन बघावेसे वाटत नाही. मोठ्या स्टॉलवरचा मंच आम्ही बराच वेळ निरखून पाहिला. मॉडेलच्या अंगावर मऊ, एकरंगी, फिकट कपडा. मागे एकसारखा पडदा. दिवे मोठे, पांढरे पडदे लावलेले, चोहोबाजूंनी. असा देखावा कोणत्याही कॅमेऱ्यात सुंदरच येणार. जो दुकानदार सगळे दिवे लावून, आरसे लावून माल दाखवतो, त्याला आम्ही खोटे म्हणत नाही, आम्हीही ते करतो. पण दारात नेऊ देतो की नाही, यावरून त्याची पारख होते.

म्हणून आम्ही दुकानातून चार कटपीस सोबत नेले होते. एक बुरख्याचे काळे निदा, एक लखनवी चिकनचे पांढरे, एक जरीकाठाचा मरून तुकडा आणि एक अगदी बारीक चौकड्याचे शर्टिंग. निकाहच्या फोटोत हेच सगळे एका चौकटीत येते: नवरदेवाचा पांढरा कुर्ता, बायकांच्या बाजूला काळे बुरखे, नवरीच्या अंगावर जरीचा मरून जोडा. काळ्यातला पोत टिकवावा तर पांढऱ्यावरची कशिदाकारी उडून जाते, पांढरे सांभाळावे तर काळ्याचा नुसता डाग होतो. जरीवर फ्लॅश पडला की तिथे सोने न दिसता पांढरा चट्टा दिसतो. मरून तर फार बेइमान रंग आहे, कधी तपकिरी होतो, कधी काळपट. अल्बम हातात आल्यावर नवरीची आई आमच्याकडे येऊन म्हणते की तुम्ही दिलेला रंग हा नव्हताच. तिथे कापडवाला आणि फोटोवाला दोघेही एकाच वेळी गुन्हेगार ठरतात.

बारीक चौकड्याची गंमत वेगळी आहे. कॅमेऱ्याच्या आत जो सेन्सर असतो त्यावर बारीक बिंदूंची जाळी असते. कापडाची वीण ही दुसरी जाळी. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की लहरी उमटतात. दोन मलमली एकमेकींवर धरून बघा, तेच दिसेल. कॅमेऱ्याच्या भाषेत याला ‘म्वारे’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द मुळात लहरदार रेशमी कापडाचा. तो मोहेरवरून आला, आणि मोहेर हा अरबी ‘मुखय्यर’वरून, म्हणजे निवडक. आमच्याच बाजारातला शब्द युरोपात फिरून कॅमेऱ्यात जाऊन बसला आहे. पूर्वी सेन्सरच्या पुढे एक गाळणी बसवीत, तिने चित्र किंचित मऊ होई पण लहरी येत नसत. २०१२ साली निकॉनने डी ८००ई काढला त्यात त्या गाळणीचा परिणाम काढून टाकला होता, २०१३ च्या सोनी ए ७आर मध्येही ती नव्हती. त्यानंतर गाळणीशिवायचे कॅमेरे वाढत गेले. डोंगराचा, पानाचा फोटो त्याने जास्त धारदार येतो, पण लग्नात माणसे डोंगर नेसून येत नाहीत. सुटाचे, शर्टाचे, सिल्कच्या साडीचे कापड कसे येते हे विचारल्याशिवाय कॅमेरा घेऊ नये.

हे चार कटपीस घेऊन आम्ही चार स्टॉलवर गेलो. सर्वांत मोठ्या स्टॉलवर उभा असलेला मुलगा सुटाबुटात होता, बोलायला गोड होता, पण कापड बघून हसला आणि म्हणाला, चाचा, मॉडेलचा काढा ना. आम्ही दोनदा सांगितले, त्याने दोनदा मंचाकडे बोट दाखवले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने एक छापील पत्रक हातात दिले. दुसऱ्या स्टॉलवर कॅमेरे काउंटरवर तारेने बांधून ठेवलेले, एकेका कॅमेऱ्यासमोर एकेक माणूस. तिथल्या पोराने मात्र आवडीने चारही तुकडे टांगले, फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखवले. आमच्या स्टुडिओवाल्याने स्वतःचे कार्ड पुढे केले तेव्हा तो म्हणाला, कार्ड चालणार नाही. याचे कारण पुष्कळदा खरे असते. नवीन मॉडेल बाजारात यायच्या आधी दाखवायला आणलेले असते, त्याचे आतले सॉफ्टवेअर पक्के झालेले नसते, म्हणून कंपनी त्याचे फोटो बाहेर जाऊ देत नाही. पण तो कॅमेरा दुकानांत विकला जात होता, त्याला हे कारण लागू पडत नव्हते. पाठीमागच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो चांगले दिसतात. घरी नेऊन मोठे करून बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही.

तिसरा स्टॉल आकाराने निम्मा. मंच नाही, मॉडेल नाही. भिंतीवर मोठमोठे प्रिंट लावलेले आणि एका टेबलाशी वयस्कर कारागीर बसलेला. त्याने कार्ड घालू दिले, कापड हातात घेऊन बोटांनी चोळून बघितले, आणि आपणहून सांगितले की या चौकड्यावर आमच्या या मॉडेलला लहरी येतील, एक स्टॉप मागे या, नाहीतर कोन बदला. आम्हाला हा माणूस आवडला. आपल्या मालाचा दोष आपल्या तोंडाने सांगणारा दुकानदार पुढच्या दहा वर्षांचे गिऱ्हाईक बांधतो. चौथ्या स्टॉलची गोष्ट पुढे येईल.

उष्णतेचा मुद्दा घ्या. हॉलमध्ये एअर कंडिशन, आणि आपली लग्ने एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या मंगल कार्यालयात नाहीतर कापडी मंडपात. २०२० साली कॅननने आर ५ हा कॅमेरा आणला, त्यात ८के व्हिडिओ होता. किती वेळ चालेल हे कंपनीने स्वतः जाहीर केले होते: बाहेर २३ अंश असताना सुमारे २० मिनिटे, मग तापून थांबणार. कंपनीने आकडा जाहीर केला हे चांगलेच केले, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये सुधारणाही केली. पण हे २३ अंश नगरला मे महिन्यात भर दुपारी मिळत नाहीत. तेव्हा कोणत्याही स्टॉलवर पहिला प्रश्न असा विचारावा की चाळीस अंशात फोर-के किती वेळ सलग चालतो, आणि उत्तर बिलाच्या मागे लिहून द्याल का. उत्तर देताना समोरचा इकडेतिकडे बघू लागला तर काय समजायचे ते समजावे.

दिव्याचा आणखी एक दोष आहे. आपल्या देशात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाईट सेकंदाला शंभर वेळा मिणमिणते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शटर वेगात ठेवले की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसरा अर्धा काळा. स्वस्तातल्या एलईडी माळांनी तर हा त्रास वाढवला आहे. २०१४ साली कॅननच्या ७डी मार्क टू या कॅमेऱ्यात दिव्याची ही मिणमिण ओळखून बरोबर उजेडाच्या क्षणी शटर सोडण्याची सोय आली, नंतर इतरांनीही ती दिली. प्रदर्शनातले महागडे दिवे मिणमिणत नाहीत, म्हणून ही सोय आहे की नाही हे तिथे आपोआप कळत नाही, ती मेनूतून काढून दाखवायला सांगावे लागते. तसेच चेहरा आणि डोळा ओळखून फोकस करण्याचे. मंचावरच्या मॉडेलच्या डोळ्यावर तो हिरवा चौकोन झटकन बसतो आणि बघणारे वाहवा करतात. आमच्या नवरदेवाच्या तोंडावर सेहरा असतो, शेजारच्या मंडपात मुंडावळ्या असतात. कॅमेरा डोळ्याऐवजी मोगऱ्यावर फोकस करून बसतो. आमच्याबरोबरच्या एका पोराने स्टॉलवरच रुमालाच्या दशा तोंडापुढे धरून ही परीक्षा घेतली, लोक हसले, पण दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतला फरक दोन मिनिटांत कळला.

कार्डाच्या खाचेविषयी थोडक्यात. लग्न पुन्हा लावता येत नाही, म्हणून एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरायला हवेत. २०१८ साली कॅननचा पहिला ईओएस आर आणि निकॉनचे पहिले झेड ६ व झेड ७ आले, तिन्हींत एकच खाच होती. त्याच वर्षीच्या सोनी ए ७ थ्रीमध्ये दोन होत्या. लग्नाचे काम करणाऱ्यांनी जगभर ओरड केली, तेव्हा २०२० साली कॅननच्या आर ६ मध्ये आणि निकॉनच्या झेड ६ टूमध्ये दुसरी खाच आली. आज सेकंडहँडच्या बाजारात ही जुनी मॉडेले स्वस्तात फिरतात. घेणाऱ्याने झाकण उघडून मोजावे.

यापेक्षा मोठा सौदा लेन्सच्या माऊंटचा आहे, आणि त्याविषयी स्टॉलवर सर्वांत कमी बोलले जाते. माऊंट म्हणजे बॉडीचे काज आणि लेन्सचे बटण. एका कंपनीचे बटण दुसरीच्या काजात बसत नाही. आपण बॉडी घेतो तेव्हा खरे तर त्या कंपनीशी पंधरा वर्षांचा करार करतो, कारण बॉडी बदलते, लेन्स राहतात. निकॉनने आपले एफ माऊंट १९५९ पासून चालवले. कॅननने १९८७ साली जुने माऊंट सोडून ईएफ आणले, तेव्हा जुन्या एफडी लेन्स बाळगणाऱ्यांची अडचण झाली. २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी पुन्हा नवे काज आणले, आरएफ आणि झेड. अडॅप्टर लावून जुन्या लेन्स चालतात ही त्यातली दिलाशाची बाब. सोनीने आपल्या ई माऊंटची माहिती २०११ साली इतर लेन्स कारखान्यांना खुली केली, म्हणून त्यासाठी सिग्मा, टॅमरॉनसारख्यांच्या कमी दामाच्या लेन्स पुष्कळ झाल्या. कॅननच्या आरएफसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या परवान्याच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ साली जाहीर झाल्या, त्याही लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरत्या. आम्ही इथे कोणाची शिफारस करीत नाही. पण जो कारागीर दोन लाखांची बॉडी घेऊन मग लेन्ससाठी पुढचे दोन सीझन थांबतो, त्याने आधी लेन्सचे भाव काढायला हवे होते. शर्टिंगचे गिऱ्हाईक शिलाई विचारल्याशिवाय कापड फाडायला सांगत नाही.

आता चौथा स्टॉल. त्याच्या कोपऱ्यात रिपेअरचे टेबल होते. दोन कारागीर भिंग लावून बसलेले, लोक आपापले जुने कॅमेरे घेऊन रांगेत उभे. त्या रांगेत आम्ही तासभर कान देऊन उभे राहिलो, आणि जी माहिती अख्ख्या हॉलमध्ये मिळाली नाही ती तिथे मिळाली. कोणत्या मॉडेलचे शटर जाते, कोणत्याचे रबर सुटते, सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे सगळे रांगेतले लोकच एकमेकांना सांगत होते. शटरचे आयुष्य कंपन्या छापतात: कॅनन ५डी मार्क थ्रीचे दीड लाख वेळा, निकॉन डी ८५०चे दोन लाख. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. एका लग्नात अडीच हजार फोटो धरा, सीझनची चाळीस लग्ने धरा, वर्षात एक लाख झाले. म्हणजे आपल्या कारागिराला दुसऱ्या वर्षीच रिपेअरवाल्याचे तोंड बघावे लागणार. असे असताना जिथे रिपेअरचे टेबलच नाही, सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते सांगायला कोणी नाही, तो स्टॉल कितीही मोठा असला तरी नगरच्या माणसाच्या उपयोगाचा नाही. कॅमेरा दुरुस्तीला पुण्या-मुंबईला पाठवला की ऐन सीझनमध्ये त्याची वाट बघत बसावे लागते, आणि भाड्याने दुसरा आणला तर लग्नाची कमाई भाड्यात जाते.

आमच्या ओळखीच्या एका मुलाने असाच एक कॅमेरा प्रदर्शनातल्या खास सवलतीत घेतला. सवलत खरी होती. पण बिल मागितले तेव्हा विक्रेत्याने दुसऱ्या राज्यातल्या दुकानाची चिठ्ठी दिली, आणि पुढे बिघाड झाल्यावर वॉरंटी लागू नाही असे कळले. बिल म्हणजे नुसता कागद नव्हे. कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. ज्या स्टुडिओची नोंदणी आहे त्याला पक्क्या बिलावर हा कर वजा मिळतो. बिलाशिवायचा माल पाच टक्के स्वस्त दिसतो आणि अठरा टक्के महाग पडतो.

हप्त्यांविषयी आपल्या वाचकांना जास्त आस्था आहे, म्हणून तेही सांगतो. मोठ्या स्टॉलच्या शेजारी फायनान्सवाल्याचे टेबल असते आणि वर पाटी असते: बिनव्याजी हप्ता. सूद टाळू पाहणारा आपला माणूस ती पाटी वाचून निश्चिंत होतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, व्याजाची रक्कम प्रोसेसिंग फीच्या किंवा इतर नावाने गिऱ्हाइकाकडूनच वसूल होते. त्यानंतर याच योजना दुसऱ्या नावांनी, कंपनीच्या सवलतीतून व्याज फेडल्याचे दाखवून आल्या. परीक्षा सोपी आहे. त्याच काउंटरवर विचारावे: रोख दिले तर किती, हप्त्याने किती, फी किती. रोखीचा भाव कमी असेल तर मधली रक्कम काय आहे हे ज्याचे त्याने ओळखावे आणि जाणकाराला विचारून ठरवावे. एका स्टॉलवर रोखीचा भाव सांगायलाच कोणी तयार होईना. दाम न सांगणाऱ्या दुकानात आम्ही बसत नाही.

हा झगमगाट कायमचा नाही, हेही ध्यानात घ्यावे. जर्मनीतल्या कोलोन शहरात १९५० पासून फोटोकिना नावाचे जगातले सर्वांत नावाजलेले प्रदर्शन भरत असे. २०१४ साली तिथे सॅमसंगने एनएक्स १ हा कॅमेरा मोठ्या थाटात मांडला. दोन-तीन वर्षांत त्या कंपनीने या धंद्यातूनच अंग काढून घेतले, आणि ज्यांनी त्या माऊंटच्या लेन्स घेतल्या त्यांच्या हातात फक्त लेन्स राहिल्या. त्याआधी २००६ साली कोनिका मिनोल्टा अशीच गेली होती, पण तिचे माऊंट सोनीने पुढे चालवले. खुद्द फोटोकिना २०१८ साली शेवटची भरली. पुढच्या खेपेला निकॉन, लायका, ऑलिंपस यांनी येणार नाही म्हणून आधीच कळवले होते, नंतर कोविड आला आणि २०२० च्या अखेरीस ते बेमुदत थांबवले गेले. कारण उघड आहे. जपानी कारखानदारांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे रवाना झाले, २०२३ साली सुमारे ७७ लाख. बाकीचे काम मोबाईलने घेतले. ज्या धंद्यात गिऱ्हाईक एवढे घटते, तिथे उरलेल्या गिऱ्हाइकाची किंमत वाढायला हवी. हौसेने कॅमेरा घेणारे गेले, रोजीसाठी घेणारा राहिला. जिल्ह्यातला शूटिंगवाला आज कंपन्यांच्या हिशोबात किरकोळ माणूस राहिलेला नाही. कंपन्या डीलरमार्फत गावोगावी वर्कशॉप घेतात ते याचमुळे. पण स्टॉलवर आपला पोरगा अजूनही मोठ्या माणसाच्या घरी आल्यासारखा संकोचून उभा असतो, कॅमेरा हातात घ्यायला परवानगी मागतो, मॉडेलचे दोन फोटो काढतो, पत्रकांची पिशवी भरतो आणि परततो.

आमचे म्हणणे असे की एकेकट्याने जाऊच नये. तालुक्यातल्या चार-पाच स्टुडिओंनी मिळून जावे, एकाने भाव काढावे, एकाने रिपेअरच्या रांगेत उभे राहावे, एकाने स्वतःच्या कार्डावर फोटो काढून आणावेत. पाच बॉडी एकत्र घेणारा गट समोर आला की स्टॉलवरचा तोच सुटाबुटातला मुलगा आतून मॅनेजरला बोलावतो, हे आम्ही पाहिले आहे. एकाच माऊंटचे कॅमेरे पाच जणांनी घेतले तर महागाच्या लेन्स आपसात फिरवता येतात, आणि एकाचा कॅमेरा दुरुस्तीला गेला तर दुसऱ्याचा चालतो. श्रीरामपूरकडच्या काही मुलांनी हे सुरू केले आहे. पुढच्या लग्नसराईच्या आधी ते मिळून खरेदी करणार आहेत. त्यांनी आमच्याकडे कटपीस मागितले, ते आम्ही बांधून ठेवले आहेत. निदा, चिकन, जरीकाठ आणि बारीक चौकडा, अर्धा-अर्धा मीटर. आणखी कोणाला हवे असतील तर कापड बाजारात कोणत्याही दुकानात मागावेत, अर्ध्या मीटरच्या कटपीसचे कोणी फार घेणार नाही. आमच्याकडे आले तर तेवढेही लागणार नाही, फक्त परत आल्यावर कोणत्या स्टॉलवर काय उत्तर मिळाले ते येऊन सांगावे.